आबांना शिकवलेला अर्धा धडा

दुपारी झोपले की माझं तोंड कडू होतं, म्हणून मी सहसा झोपत नाही. आज रविवार आहे. हे आणि मुलगी मिरजेला लग्नाला गेलेत. घरात पंख्याशिवाय आवाज नाही. मी उशीवर डोकं टेकते आणि झोपेच्या आधी तो गुरुवार येतो. सात महिने झाले, रोज येतो. तो पुरता आठवून झाल्याशिवाय मला झोप लागत नाही.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं आबा कोल्हापूरहून सांगलीला येतात. कारण साधं आहे. माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबरला सांगितलंय असं मी फोनवर म्हटलेलं असतं. ते त्यांना पटलेलं नसतं.

"प्लंबर नळ बसवतोय, बघत न्हाई," ते म्हणतात आणि नळ काढून खिडकीच्या उजेडात धरतात. अंगठ्याचं नख त्याच्यावरून ओढतात. चकचकीत पापुद्रा माशाच्या खवल्यासारखा उचलला जातो. "बघ कांचे. खाली निकेलच न्हाई. सरळ पितळंवर क्रोमचा हात फिरवलाय. उन्हाळ्यापर्यंत टिकतोय का बघ."

आबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. उद्यमनगरात त्यांचं क्रोम प्लेटिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, खोदाईच्या यंत्रांच्या पोलादी दांड्या त्यांच्याकडे झिजून येतात आणि आरशासारख्या होऊन जातात. अजून ते रोज सकाळी आठला दुकान उघडतात.

नळ बसतो. मी चहा करते. टेबलावर माझं बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक पडलेलं आहे, उद्या कॉलेजात जो धडा घ्यायचा त्याची खूण घालून. आबा ते उचलतात, उलटंसुलटं करतात.

"तू मला एकदा शिकवलंवतंस की. वहीत चित्रं काढून. एक देतंय, एक घेतंय."

"हो, आबा."

"त्याच्या पुढं काय हुतं गं?"

मी कपबशा उचलते. त्यांच्याकडे पाठ करून नळ सोडते. नळ आता गळत नाही.

"पुढं काही नव्हतं. तेवढंच."

"आसं व्हय," ते म्हणतात आणि खोकतात. खोकला जुना आहे. त्याच्याकडे आम्ही कुणी लक्ष देत नाही.

चारच्या गाडीनं ते जातात. शुक्रवारी सकाळी दुकानात, क्रोमच्या टाकीपाशीच, त्यांना रक्ताची गुळणी येते. त्यानंतर अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत एक तरुण डॉक्टर त्यांच्या छातीचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावतो आणि मला विचारतो की हे काय काम करायचे. मी सांगते.

"इतकी वर्षं? त्यांना कुणी कधी सांगितलं नाही?"

"नाही," मी म्हणते. ते खरंच असतं. कुणी सांगितलेलं नसतं.

इथं गुरुवार संपतो, शुक्रवारही संपतो. पंख्याची घरघर जरा जाड होते. मग आणखी जाड. मला माहीत आहे हा कसला आवाज आहे. रेक्टिफायरचा. घरातल्या विजेची टाकीला लागणारी वीज करून देणारं ते कपाटाएवढं यंत्र. लहानपणी मला तो आवाज ऐकल्याशिवाय झोप लागत नसे, कारण आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत राहत होतो.

"चप्पल काढू नगंस," आबा म्हणतात. "खाली ओल हाय."

मी चप्पल घालून पलंगावरून उतरते. फरशी दुकानाची आहे. माझी खिडकी आहे तिथंच आहे, पण तिच्याखाली टाकी आहे, लांब, काळपट लाल, काठोकाठ भरलेली. आबा खाकी हाफ पँट आणि बनियनवर उभे आहेत. तळहात पिवळे. केस काळे आहेत त्यांचे. माझ्यापेक्षा ते लहान दिसतात आणि याचं आम्हा दोघांनाही काही वाटत नाही.

"अजून दुकान उघडंच का आबा?"

"मग काय करू? वर बसून भजन म्हणू? माझा आवाज म्हाईत हाय न्हवं तुला. हाकलून दिलं असतं त्यांनी मला."

"खोकला?"

"खोकला तिकडंच ऱ्हायला. दवाखान्यात. घेऊन आलो न्हाई."

ते हसतात. मीही हसते. मी वाचलंय, आपल्या स्वप्नातल्या माणसांच्या तोंडात शब्द आपणच घालतो. आत्ता मला तेही आठवतं. तरी मी हसते. सात महिन्यांत त्यांनी एकही विनोद केलेला नाही.

"दांडी धर," ते म्हणतात. आम्ही दोघं मिळून एक दांडी उचलतो. वजन खरं आहे. "आता सांग, जॉब, म्हंजे ही दांडी, कुठल्या बाजूला?"

"निगेटिव्ह."

"आन् शिशाच्या पट्ट्या?"

"पॉझिटिव्ह."

"उलटं लावलं तर?"

"चढायच्या ऐवजी खातं. दांडीच विरघळते."

"हां. पुस्तकातलं न्हाई न्हवं हे?"

"पुस्तकातलंही हेच आहे, आबा."

"मग पुस्तकवाला कधीतरी आमच्याकडं कामाला असणार."

दांडी टाकीत उतरते. तिच्या अंगावर बारीक बुडबुडे येतात, हजारो, आणि वर येऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना एक न दिसणारा शिंतोडा उडवतो. टाकीवर पिवळसर धुकं उभं राहतं. आबा त्या धुक्यात तोंड घालून खाली बघतात, आई भाताच्या पातेल्यात बघायची तसे. बुडबुड्यांच्या आवाजावरून त्यांना वीज कमी की जास्त ते कळतं. कान टाकीजवळ नेल्याशिवाय तो आवाज येत नाही.

मग ते सरळ होतात, खिशातून एक पांढरा दोरा काढतात आणि माझ्याकडे बघून भुवया उडवतात.

"नको, आबा."

"का? तुला आवडायचं की."

दोऱ्याचं टोक ते तोंडात ओलं करतात, उजव्या नाकपुडीत घालतात, डाव्या हातानं काहीतरी करतात आणि टोक डाव्या नाकपुडीतून बाहेर येतं. दोन्ही टोकं धरून ते दोरा मागं-पुढं ओढतात, ताक घुसळल्यासारखा.

हा खेळ घरी येणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेला आहे. आबा काम शिकले ते गफूरभाई नावाच्या उस्तादाकडे, आणि गफूरभाईंकडे रीत होती की नवीन माणसाला दर सहा महिन्यांनी दोरा द्यायचा. दोरा ज्या दिवशी आरपार जाईल, त्या दिवशी दुकानात पेढे. नाकाचा पडदा फाटल्याशिवाय कुणी क्रोमवाला होत नाही, असं तिथं मानत. आबांचे पेढे दीड वर्षात वाटले गेले. दुसऱ्या कुणाला तीन वर्षं लागली होती, हे ते न विसरता सांगत. दुखलं नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "मुंगी चावल्यागत. पोरीचं कान टोचताना ती जास्त रडली."

आई हा खेळ सुरू झाला की आत निघून जायची. मी टाळ्या वाजवायचे. मी सात वर्षांची आहे आणि टाळ्या वाजवते आहे, आणि टाळ्यांचा आवाज मोठा होतो, बाकांवरून येतो. साठ मुलं बाकांवर बसलीत. माझा वर्ग आहे. फळ्यावर तारीख आहे, पण वाचता येत नाही. फळा शिशाचा आहे, राखाडी आणि मऊ. खडू लावला की त्यात खड्डा पडतो.

आबा पहिल्या बाकावर बसलेत. गुडघे बाकात मावत नाहीत. साठ मुलं कुठं गेली कळत नाही.

"शिकीव," ते म्हणतात.

मी त्यांना हे खरोखर शिकवलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीची सुट्टी होती आणि दुकानात काम कमी होतं. टाकीशेजारी दोन स्टुलं ठेवून आम्ही बसलो. आबा सातवी शिकलेले. टाकीत काय होतं ते हाताला माहीत होतं, डोक्याला माहीत करून घ्यायचं होतं. मी वहीत गोल काढले, बाण काढले. टाकीतला क्रोम सहा इलेक्ट्रॉन गमावून बसलेला असतो, मी सांगितलं. म्हणून तो पाण्यात विरघळलेला राहतो, म्हणून तो लाल दिसतो. रेक्टिफायर ते सहा इलेक्ट्रॉन दांडीतून त्याला देतो. सहाच्या सहा मिळाले की तो परत धातू होतो आणि दांडीवर बसतो. दुसऱ्या बाजूला शिशाच्या पट्टीपाशी पाणी आपले इलेक्ट्रॉन सोडतं. कुणी दिल्याशिवाय कुणाला मिळत नाही. दिलेले आणि घेतलेले नेहमी सारखेच.

आबांनी वहीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं.

"म्हंजे भुकेलं हाय ते."

"हो. भुकेलेलंच."

"आन् मी त्याला वाढतोय."

पुढचा महिनाभर त्यांनी उद्यमनगरातल्या प्रत्येक टपरीवर हे सांगितलं. माझ्या पोरीनं शोधून काढलंय, टाकीत पंगत बसलीया आणि आपण वाढपी. इतक्या चांगल्या रीतीनं हा धडा मला स्वतःला तेव्हा कळला नव्हता. आजही वर्गात मी पंगतच सांगते. मुलं हसतात आणि विसरत नाहीत.

"शिकीव की," आबा बाकावरून म्हणतात. "हे झालं माझं. पुढचं पान काढ."

मी फळ्याकडे वळते. फळा नाही, काच आहे, मागून उजेड येतोय, आणि काचेवर छातीचा फोटो लावलेला आहे. फासळ्या स्पष्ट दिसतात. डाव्या बाजूला वर एक पांढरा ढग. माझ्या हातात अजून खडू आहे. वॉर्डात फिनेलचा वास. आबा खाटेवर उठून बसलेत, पाय खाली सोडून, जणू गाडीची वाट बघताहेत. खाटेखाली काळपट लाल पाणी हलतं.

"नर्स येईल," मी म्हणते.

"येऊ दे. तीबी शिकंल."

मला माहीत आहे की इथं मी सांगायला हवं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी, कॉलेजच्या वाचनालयात, मी ते पान वाचलेलं होतं. एका जाड इंग्रजी पुस्तकातलं. कारखान्यांत होणाऱ्या आजारांवरचं. क्रोमवर दोन-अडीच पानं होती. नाकाच्या पडद्याचं चित्र होतं, त्यातल्या भोकासकट. खाली प्रश्न नव्हता, उत्तर होतं: फुप्फुसाचा कर्करोग. मी पान संपेपर्यंत वाचलं. ते उलटलं नाही. पुस्तक मिटून कपाटात ठेवलं, चुकीच्या फळीवर.

त्याच दिवाळीत आबा म्हणाले होते, एम.एस्सी.ला पुण्याला जायचं, मग काय वाट्टेल ते होवो. मला जायचं होतं. आबांना सांगितलं तर ते दुकान बंद करतील आणि पुण्याचा खर्च निघणार नाही, असं मला वाटलं. म्हणून वहीत जेवढं आबांना आवडेल तेवढंच काढलं. पंगत आणि वाढपी.

"आबा," मी म्हणते. खडू बोटांत भिजलाय. "ती जी वाफ असते ना, तिच्यातूनही तो वर येतो. तोच. भुकेला."

"हां."

"नाकातून आत जातो. तिथं रेक्टिफायर नसतो."

"मग कोण वाढतंय त्याला?"

"कुणी नाही. तो ओरबाडून घेतो. आपल्याच अंगातून. आपल्या शरीराला एक दुसरं मीठ लागतं, त्याच्यासारखाच तो दिसतो, म्हणून पेशी त्याला आपला समजून आत घेते. दार उघडून. आत गेला की तो तीन इलेक्ट्रॉन खेचून घेतो, मग हिरवा होऊन गप बसतो. पण त्या खेचाखेचीत पेशीच्या आत जे लिहिलेलं असतं ते फाटतं. एकदा फाटलं की पुढच्या सगळ्या प्रती तशाच निघतात."

आबा ऐकतात. ते नेहमीच चांगले ऐकायचे. माझ्या वर्गात इतकं कुणी ऐकत नाही.

"हिरवा हुतोय व्हय," ते म्हणतात. "बरोबर हाय. हाताला डाग पडला की आम्ही लिंबू चोळत हुतो. पिवळा डाग हिरवट हून जायचा. गफूरभाईंनी शिकवलंवतं."

"लिंबू त्याला इलेक्ट्रॉन देतं, आबा. म्हणून."

"देत असंल. पर छातीत लिंबू कुठनं चोळू?"

ते हे हसत म्हणत नाहीत. मी खाटेच्या कडेवर बसते. कड गार आहे आणि टाकीच्या काठासारखी चिकट.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गफूरभाई कशानं गेले मग? त्यांचा भाचा कशानं गेला? पेढं खाल्लेली आम्ही सात जण. आता कोण हाय सांग."

"मग तुम्ही बंद का नाही केलं?"

"बंद करून काय करू? मला दुसरं काय येतंय?" ते आपले तळहात उलटे करून बघतात. "मी बंद केलं नसतं, कांचे. तू सांगितलं असतंस तरी केलं नसतं. त्यो घोर तुझ्या डोस्क्यातनं काढ."

क्षणभर मला इतकं हलकं वाटतं की खाट हलते. मग ते पुढं बोलतात.

"पर तुला म्हाईत झालंय हे मला कळलंवतं. त्याच दिवाळीत. दोरा काढला आन् तू चहा घेऊन आलीस. ट्रे ठेवलास आन् आत गेलीस. तोवर तू कधी आत गेली न्हवतीस. ते तुझ्या आईचं काम हुतं."

"आबा..."

"मी म्हटलं, सांगंल. आज न्हाई तर उद्या सांगंल. मास्तरीण झाली तेव्हा म्हटलं, आता सांगंल. लग्न झालं. पोरगी झाली. तुझ्या घरी नळ बघाय आलो तेव्हाबी इचारलं."

"हो."

"तोंडानं इचारलं मी. आजवर तुझ्याकडं काय मागितलंवतं?"

हे माझंच मन बोलतंय, मी स्वतःला सांगते, त्यांनी हे कधीच म्हटलं नसतं. आबा असे टोचून बोलणारे नव्हते. पण मला खात्री नाही, आणि खात्री करून घेण्याची सोय आता राहिलेली नाही. ज्यांना विचारायचं त्यांच्या नळाच्या पान्ह्यासकट सगळं सामान आम्ही आवरून टाकलंय.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणतात. त्यांचा आवाज पुन्हा कामावरचा होतो. "इलाज काय लिवलाय?"

"काय?"

"दुखणं लिवलंय तर इलाजबी लिवला असंल. पान उलटून बघितलंस न्हाई का?"

बघितलं. सहा वर्षांपूर्वी. कॉलेजात सुरक्षेवर एक व्याख्यान द्यायचं होतं म्हणून ते पुस्तक पुन्हा मागवलं. तीच आवृत्ती आली. या वेळी पान उलटलं. मागच्या बाजूला अर्ध्या पानात इलाज होता. इतका साधा की मी तो दोनदा वाचला, कारण माझा विश्वास बसेना. दुकान बंद करण्याची गोष्टच त्यात नव्हती. एका दुपारचं काम होतं. मी ज्या भीतीनं एकवीस वर्षं गप्प राहिले होते, त्या भीतीला कधी आधारच नव्हता.

त्या दिवशी आबा पासष्टीचे होते. दुकान चालू होतं. मी फोन उचलला होता. पण तो इलाज सांगायचा, तर आधीची एकवीस वर्षंही सांगावी लागली असती. मी फोन ठेवला. आबांना त्यानंतर आणखी सहा वर्षं होती आणि ती त्यांनी टाकीवर वाकून घालवली.

"बोल की," आबा म्हणतात.

आम्ही दुकानात आहोत. खाट नाही. दांडी वर काढायची वेळ झालीय. ती आता आमच्या दोघांच्या हातात आहे, गरम, ओली, लख्ख, आणि तिच्या अंगात वाकडी, लांबुळकी मी दिसते. दुसरी दांडी बांधायची आहे. आबा इकडे-तिकडे बघतात, तांब्याची तार उचलतात.

"दातात धर जरा. माझं दोन्ही हात गुतल्यात."

ते तार माझ्या तोंडात देतात. लहानपणी त्यांनी मला हे कधी करू दिलं नव्हतं. मी दातांत तार धरते. दोन्ही हातांत दांडी आहे. मी बोलायला जाते आणि नुसता घशातला आवाज निघतो.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा बोलते. तार दातांत रुतते. मला ती टाकता येत नाही, दांडी सोडता येत नाही. दांडी सोडली तर त्यांच्या पायावर पडेल. मी मान हलवते, डोळे मोठे करते, जीभ तारेखालून पुढं ढकलते.

"ऐकू येईना बघ," आबा म्हणतात. "बुडबुडं लई झाल्यात." आणि ते ऐकण्यासाठी वाकतात, पण माझ्याकडे नाही, टाकीकडे. धुकं त्यांच्या खांद्यापर्यंत येतं. मी दात आवळून ओरडते.

जाग येते ती चवीनं. आज तोंड कडू नाही. लोखंडाची चव आहे. मी जिभेला हात लावते आणि बोट लाल होतं. जिभेची डावी कड दातांखाली सापडून फाटलीय, चांगलीच. उशीच्या अभ्र्यावर तुळशीच्या पानाएवढा डाग आहे. अजून ओला.

पंखा फिरतोय. पावणेपाच झालेत. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करतंय. मी उठून बसते, पाय खाली सोडून. जीभ सुजत चाललीय. थोड्या वेळानं बोलता येणार नाही असं वाटतं. रिकाम्या खोलीत बोलायची लाज वाटते. वर्गात साठ मुलांसमोर कधी वाटली नाही.

"आबा," मी मोठ्यानं म्हणते. शब्द जाड येतो, थुंकीबरोबर रक्त येतं, मी ते गिळते. "मला एकोणिसाव्या वर्षी कळलं होतं. मी सांगितलं नाही. पुण्याला जायचं होतं म्हणून सांगितलं नाही, आणि नंतर, आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही."

बाहेरची स्कूटर सुरू होते आणि जाते.

"टाकीवर प्लास्टिकचे गोळे सोडायचे, आबा. पोकळ, लिंबाएवढे. पाणी दिसणार नाही इतके. ते तरंगतात, एकमेकांना चिकटून राहतात, शिंतोडे वर येऊ देत नाहीत. आणि टाकीच्या काठाला वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा लावायचा. झालं. बाजारात मिळतं सगळं. दुकान बंद करायचं नाही, काम चालू ठेवायचं. फक्त वाकून ऐकू नका. लांब उभे राहा, आबा. अजून लांब."